दिवेलागणीचा फॉल्ट

वागळे इस्टेटमधल्या भांड्यांच्या कारखान्यात संचिता घाडीने लावलेले दिवे रोज संध्याकाळी मान टाकत होते. सकाळी शहाण्यासारखे वागत, दुपारी शहाण्यासारखे वागत, रात्रपाळीला तर त्यांच्याबद्दल ब्र काढायला जागा नव्हती. पण ऐन संध्याकाळी, दिव्यांनी दिव्यासारखं वागायची जी एकच खरी वेळ, नेमके तेव्हाच ते मंदावत. थोडा वेळ मलूल होऊन राहत आणि मग कुणी बोटही न लावता आपले आपण उजळत, जसं काही झालंच नाही.

"हे काय चाललंय?" कमलेशशेठ फोनवर म्हणाले. कारखाना त्यांचा. आवाज चढवणारा माणूस नव्हे, म्हणूनच त्यांची जास्त भीती वाटे. "मी वर केबिनच्या काचेतून बघतो ना. लाइट डाउन होते, मशिनी थांबतात, माणसं नुसती उभी राहतात. आमचे जुने दिवे भंगार होते, मान्य. पण दगा देत नव्हते. महिनाअखेरीला मी संध्याकाळी स्वतः खाली येऊन उभा राहणार. हा प्रकार दिसला, तर तुमचं सगळं सामान उतरवून घेऊन जा. बाकीच्या खात्यांचं तर विसराच."

संचिताने "हो शेठ" म्हटलं आणि फोन ठेवून कपाळाला हात लावला. कोलशेतच्या एका लहानशा कंपनीत ती दिव्यांची इंजिनिअर होती. आजवर दुसऱ्यांनी आखलेल्या कामांत तिने वायरी मोजल्या होत्या, नकाशे रंगवले होते. हे पॉलिश खातं मात्र पहिल्या रेघेपासून तिचं. इथं चाचणी पास झाली तर अख्खा कारखाना तिच्या हाती येणार होता. नापास झाली तर पुन्हा आपली ती आणि दुसऱ्यांचे नकाशे. तिचे साहेब सर्वेश तसे भले गृहस्थ. ते काही बोलले नसते. पण पुढचं काम त्यांनी निमूटपणे दुसऱ्याच्या टेबलावर सरकवलं असतं, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट.

आणि काम तरी कसलं देखणं झालं होतं! जुन्या दिवसांत त्या खात्यात मर्क्युरीचे मोठे हंड्यांसारखे दिवे टांगलेले असत. त्यांच्या हिरवट उजेडात माणसं आजारी दिसत आणि ताटांवरचे ओरखडे दिसतच नसत. संचिताने छताला गोल भोकं पाडली, वर पारदर्शक घुमट बसवले आणि घुमटांपासून खाली आरशासारख्या चकचकीत नळ्या सोडल्या. दिवसाचा उजेड त्या नळ्यांतून उड्या मारत खाली येई. जेवढा उजेड आभाळ देईल तेवढा घ्यायचा, कमी पडेल तेवढाच दिव्यांनी पुरवायचा. हे ठरवायला छताजवळ बत्ताशाएवढा एक सेन्सर होता, खालचा उजेड मोजणारा. आभाळ भरून आलं की दिवे किंचित वाढत, निवळलं की किंचित उतरत. रिकाम्या कोपऱ्यातले दिवे पेंगत, माणूस तिकडे फिरकला की जागे होत.

पहिल्या सकाळी पाळीची माणसं आत आली आणि दारातच थबकली. एकही दिवा चालू नव्हता आणि खात्यात लख्ख उजेड होता. बाळकुमच्या तुळसाबाई, खात्यातल्या सगळ्यात जुन्या, एका नळीखाली जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या कुळाने पिढ्यान्‌पिढ्या मिठागरं राखलेली. ऊन म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी तळहात उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"चटका नाय गो याला," त्या म्हणाल्या. "ऊन वर ठेवलंय नि उजेड तेवढा खाली आनलाय."

मग ज्याला त्याला मूल होण्याची हुक्की आली. पॉलिशवाले गडी अंधाऱ्या कोपऱ्यातल्या दिव्यांना हुलकावण्या द्यायला लागले. दबकत जायचं, दिवा उजळला की हसत मागे फिरायचं. कुणी ताट उचलून त्यात आपलं तोंड पाहिलं आणि खरंच आपण एवढे काळवंडलोय का म्हणून शेजाऱ्याला विचारलं. संचिता भिंतीला टेकून हे सगळं बघत होती. नळीतून उतरलेला तो गोल उजेड जमिनीवर पडला होता. एवढा उजेड रोज या छतावर येऊन फुकट परत जात होता, असं तिला वाटलं, आणि कुणी त्याला आत ये म्हटलं नव्हतं.

आणि आता हा फॉल्ट.

तिने जे जे सुचेल ते केलं. आधी शेजारच्या कारखान्यातल्या भट्टीवर खापर फोडलं. संध्याकाळी भट्टी चालू होत असेल, विजेचा दाब पडत असेल. तपासलं तर दाब ठणठणीत. मग सेन्सरच बदलला. नव्या सेन्सरनेही जुन्याचाच कित्ता गिरवला. मग खात्याचा सुपरवायझर रत्नदीप याला फोन लावला.

"रत्नदीप, संध्याकाळी लाइट जाते का रे तुमच्याकडे?"

"जाते? नाय मॅडम. येते ना! एकदम मस्त येते."

"अरे, मंद होते का, असं विचारतेय."

"ते तर होनारच ना थोडी," तो म्हणाला. जणू हिनेच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं. "पब्लिक जाम खूश आहे मॅडम. तुम्ही टेन्शन नका घेऊ."

पोरगा काहीतरी झाकतोय, असं तिला वाटलं. कोलशेतहून वागळेला ती नेहमी सकाळी जाई, कारण संध्याकाळी माजिवड्याच्या नाक्यावर अडकलं की डोंबिवली गाठेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. तरी एकदा मुद्दाम संध्याकाळी जाऊन उभी राहिली. त्या दिवशी नेमकं मळभ होतं आणि दिव्यांनी काहीही केलं नाही. डॉक्टरांच्या दारात पोचलं की दाढ दुखायची थांबते, त्यातला प्रकार. दिवे इतके गुळगुळीत वाढले की बाहेर अंधार कधी पडला ते कळलंही नाही. खात्यातली माणसं मात्र उगाच छताकडे बघत होती आणि त्यांची तोंडं उतरलेली होती. दमली असतील, असं म्हणून तिने ते सोडून दिलं.

डोंबिवलीला घरीही तिच्या दिव्यांचं कौतुक होतंच असं नाही. दिवाळीत तिने पॅसेजमध्ये एक सेन्सरचा दिवा लावून दिला होता. माणूस आला की लागतो, गेला की विझतो. आईचे गुडघे दुखतात, तिला बटणापर्यंत हात लांबवायला नको, हा लेकीचा हेतू. पण झालं भलतंच. दिवा लागला की आई हात जोडणार. कोकणातून आली तेव्हापासूनची, किंबहुना त्याच्याही आधीपासूनची सवय. कंदिलाला जोडले, बल्बला जोडले, ट्यूबलाइटला जोडले. हा नवा दिवा दिवसभर लागे आणि आई दिवसभर हात जोडी. अंघोळीला जाताना जोडी, येताना जोडी. एका सुट्टीच्या दिवशी तर एका हातात आमटीचं पातेलं, दुसऱ्या हातात पोळ्यांचा डबा, आणि तरी दिवा लागला म्हणून तिने दोन्ही मनगटं जवळ आणून मान लववली. आमटी जमिनीवर सांडली.

"अगं आई!"

"मग काय करू?" आई फडकं आणत म्हणाली. फडकं आणायला पॅसेजमधून जावं लागलं, म्हणून पुन्हा हात जोडून झाले. "ह्या मेल्याला काही वेळकाळ आहे का? दिवेलागण एकदाच असते गं. हा केव्हाही लागतो. बरं, लागला म्हटल्यावर हात न जोडता जाऊ कशी?"

"नको ना जोडू. तो काय देव आहे?"

"दिवा आहे," आई म्हणाली, आणि तिच्या मते तेवढं पुरेसं होतं.

संचिता हसली आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. उत्तर असं आमटीसारखं पायाशी सांडलेलं असताना माणूस पडद्यावर शोधत बसतो. शिकलेल्या लोकांचं हे असंच असतं.

पडद्यावर कारखान्यातल्या दिव्यांचा आलेख होता. दिवसाची एक रेघ आणि संध्याकाळी त्या रेघेत एक खाच. आतापर्यंत ती एकेक दिवस वेगळा बघत होती. आज कंटाळून तिने सगळे दिवस एकाखाली एक मांडले आणि तिचा हात थांबला. खाच एका जागी नव्हती. रोज थोडी, अगदी थोडी, पुढे सरकत होती. सगळ्या खाचा मिळून एक तिरकी रेघ तयार झाली होती, कुणीतरी पट्टी धरून आखावी तशी. मधे सुट्टीच्या दिवशी खाच नव्हती. आणि त्या मळभाच्या दिवशी नव्हती.

यंत्राचा बिघाड असा वागत नाही. घड्याळाने लावलेली गोष्ट रोज त्याच वेळी होते. माणसाने केलेली कधी मागे, कधी पुढे. ही तर शिस्तीत सरकत होती. ती उठून गॅलरीत आली. माघ महिना होता, दिवस मोठा होत चालला होता. समोरच्या इमारतींच्या फटीत सूर्य लालबुंद होऊन टेकला होता. तिने सूर्याकडे पाहिलं, मोबाइलवरची वेळ पाहिली, मागे वळून ती तिरकी रेघ पाहिली. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

फॉल्ट सूर्याबरोबर चालत होता.

दुसऱ्या दिवशी ती कुणालाही न कळवता गेली. दुपारचा चहा होऊन गेला होता. मागच्या दाराने आत शिरली आणि खोक्यांच्या थप्पीआड उभी राहिली. पॉलिशची चाकं गरगरत होती, आवाजाने कान भरून गेले होते. पश्चिमेच्या भिंतीला उंच खिडक्या, आणि खिडक्यांपलीकडे येऊरच्या डोंगराची गडद कड.

थोड्या वेळाने तुळसाबाई टेबलावरून उठल्या. पदर खोचला आणि नव्या पॉलिश केलेल्या झाकणांनी भरलेली एक ट्रॉली ढकलत खिडकीसमोर आणली. ट्रॉलीच्या फळ्यांवर डब्यांची झाकणं तिरकी रचून ठेवलेली, आरशासारखी लखलखीत. बाईंनी डोंगराकडे पाहिलं, ट्रॉली जराशी डावीकडे सरकवली, मग पुन्हा जराशी. रत्नदीप येऊन बघून गेला. त्याने मान डोलावली.

आणि ऊन आत आलं.

खिडकीतून आडवं आलेलं ऊन झाकणांवर पडलं आणि वर उडालं. छतावर एकदम गोल गोल कवडसे उमटले, ढीगभर, लहानमोठे. संचिताने वर पाहिलं. एक कवडसा नेमका तिच्या त्या बत्ताशाएवढ्या सेन्सरवर जाऊन बसला होता. सेन्सर बिचारा काय करणार? त्याला वाटलं, भर दुपार झाली. त्याने दिव्यांना सांगितलं, निजा आता. आणि खात्यातले सगळे दिवे हळूहळू, अदबीने, खाली बसत गेले.

म्हणजे हे एवढंच! तिला हसू येणार होतं. पण तेवढ्यात रत्नदीपने हात वर केला आणि चाकं एकामागून एक थांबली. आवाज ओसरला. इतका ओसरला की बाहेर कावळे ओरडताहेत ते ऐकू आलं. माणसांनी हात पुसले, तोंडावरची फडकी खाली ओढली आणि सगळे जिथल्या तिथे उभे राहिले. खाली संधिप्रकाश आणि डोक्यावर कवडशांचं आभाळ. सूर्य येऊरच्या कडेला टेकला. कवडसे पिवळ्याचे तांबडे झाले. मग एकेक विझायला लागला. हा गेला, तो गेला, सेन्सरवरचाही गेला. एक क्षण खात्यात काहीच उरलं नाही.

मग दिवे आले. खालून वर चढत, सावकाश, आधी नुसती चाहूल, मग चेहरे, मग ताटांच्या कडा, मग सगळं. आणि दिव्यांबरोबर सगळ्यांचे हात वर आले आणि जुळले.

संचिताच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. हजारो दिवे लागताना तिने पाहिले होते. तिचा धंदाच तो. पण उजेड असा येताना, आणि कुणी त्याची अशी वाट बघताना, तिने जन्मात पाहिलं नव्हतं. आपण काय लावून ठेवलंय इथे, असं तिच्या मनात आलं, आणि त्यात अभिमान नव्हता, नुसता धाक होता.

"आली गो माझी बाय!" तुळसाबाईंनी तिला पाहिलं होतं. त्या लगबगीने आल्या आणि पॉलिशचे काळे हात तिच्या गालांवरून ओवाळून त्यांनी आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. "बघितलंस? तू केलंस ते बघायला आलीस ना?"

"मी?"

"मंग कोन? अगो, पयलं ते जुनं दिवं होतं ना, त्याचं बटन माझ्या टेबलाजवळ. सांजचं मीच लावायची. ते दिवं पेटायला येळ घ्यायचं, तवर मशिनी बंद. दिवं पुरं लागलं की समदी हात जोडनार नि मंग काम. तुझी मानसं आली नि बटन काढून घेऊन गेली. मी म्हटलं, झालं! आता दिवं लागनार कवा नि आमी हात जोडनार कवा? हे तर न कळत लागतात. मान तरी कवा द्यायचा?"

"मग?"

"मंग पयल्याच सांजेला बघितलं. दिवं आपसूक खाली बसलं. सूर्य बुडला नि मंग वर आलं. मी रत्नदीपला बोलले, पोरीनं सोय करून ठेवलीय रे. हिचं दिवं सूर्याला पुढं जाऊ देतात, मंग आपन लागतात." बाईंचा आवाज जरा भरून आला. "एवढा इचार कोन करतं गो आमचा?"

रत्नदीपही जवळ आला होता. "मॅडम, एक दिवस ट्रॉली हलवलेली ना, तर झालंच नाय. तेव्हा आमच्या डोक्यात आलं, ट्रॉली पण सेटिंगमधलीच आहे. तेव्हापासून मी कोनाला हात लावू देत नाय तिला. ऊन सरकतं तशी आम्ही सरकवतो."

हा फॉल्ट आहे, हे या माणसांना कोणत्या तोंडाने सांगायचं? हो, मीच केलं, असंही म्हणवेना. तिने न केलेल्या गोष्टीचे आभार ती माणसं मानत होती, आणि ती गोष्ट तिने केलेल्या सगळ्या गोष्टींपेक्षा सुंदर होती. तिला आमटीचं पातेलं आठवलं. दिवेलागण एकदाच असते गं, असं आई म्हणाली होती, आणि लेक हसली होती.

"मळभ असलं की?" तिने विचारलं.

"तवा नाय होत," तुळसाबाई म्हणाल्या. "त्या दिशी घरी जाईपर्यंत चुकल्यागत वाटतं. जेवताना पन वाटतं."

महिनाअखेर दुसऱ्याच दिवशी होती. सकाळी तिने सर्वेशना सगळं सांगितलं. ते मनापासून हसले आणि म्हणाले, "भारीच आहे हे! पण संचिता, सेन्सरला एक टोपी लाव आणि विषय संपव. शेठ काय कवडसे विकत घेणार नाहीत."

टोपी म्हणजे प्लॅस्टिकची एक चिमुकली कड. सेन्सरभोवती बसवली की आडवं ऊन त्याच्यापर्यंत पोचणार नाही. शिडी लावून चढायचं, बसवायची, उतरायचं. टोपी पर्समध्ये टाकून ती निघाली. वाटेत रिक्षात तिने ती दोनदा काढून पाहिली. ही बसवली की काम मिळेल. न बसवली की दिवे उतरतील, नळ्या निघतील, छताची भोकं बुजतील आणि तो हिरवट आजारी उजेड परत येईल. मग तुळसाबाईंना ना कवडसे, ना ताटावरचा ओरखडा. तेव्हा टोपी बसवणंच शहाणपणाचं होतं. तिला हे पटत होतं आणि तिचा हात पर्सच्या चेनवरून हलत नव्हता.

माजिवड्याच्या पुलावर तिने वर पाहिलं. आभाळ भरून आलं होतं.

शेठ खाली येऊन उभे राहिले, हात पाठीमागे बांधून. ट्रॉली खिडकीसमोर तयार होती, पण खिडकीत ऊन नव्हतं, नुसता राखाडी रंग. टोपी पर्समध्येच राहिली. तिची गरजच उरली नव्हती. बाहेरचा उजेड उतरत गेला आणि आतले दिवे त्याच मापाने चढत गेले. कुठे झटका नाही, कुठे सांधा नाही. चाकं फिरत राहिली. दिवस केव्हा संपला आणि दिव्यांनी केव्हा हातात घेतलं, हे कुणाच्याही लक्षात आलं नसतं.

"वा," कमलेशशेठ खिडकीकडे बघत म्हणाले. "अंधार पडला की! काही कळलंसुद्धा नाही. काढलात म्हणायचा फॉल्ट."

अशा दिव्यांची याहून मोठी तारीफ होऊ शकत नाही. संचिताने मोठा श्वास घेतला. काम तिचं झालं होतं. अख्खा कारखाना तिचा झाला होता. फक्त गप्प उभं राहायचं होतं.

तेवढ्यात तिची नजर तुळसाबाईंकडे गेली. त्या ट्रॉलीजवळ उभ्या होत्या आणि त्यांचे हात छातीपर्यंत येऊन अर्ध्यात थांबले होते, जुळलेले नाहीत, सुटलेलेही नाहीत. रत्नदीपचा हात खांद्यापर्यंत वर येऊन राहिला होता. चाकांवरची माणसं काम करता करता मान वळवत होती. छताकडे कुणीच बघत नव्हतं. सगळे तिच्याकडे बघत होते. सोय जिने केली, ती आज स्वतः हजर होती. मळभ असलं म्हणून काय झालं, ती काहीतरी करेल.

"शेठ, फॉल्ट गेलेला नाही," संचिता म्हणाली. स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "आज ऊन नाही म्हणून दिसला नाही. मी काही दुरुस्त केलेलं नाहीये, आणि करावं असं मला वाटत नाही. तुम्ही एकदा खाली उभं राहून बघा. मग म्हणाल तर उद्या सगळं उतरवून नेते."

शेठच्या कपाळावर आठी आली. ते काही बोलायच्या आत ती रत्नदीपकडे वळली. "मशिनी बंद कर."

रत्नदीपचा हात वर गेला. चाकं एकामागून एक थांबली. संचिताने फोन काढला, दिव्यांचं ॲप उघडलं आणि अंगठ्याने दिवे खाली आणायला सुरुवात केली. घाई केली नाही. खातं राखाडी झालं, मग सावळं झालं. माणसांचे नुसते आकार उरले. लांब कुठेतरी रिक्षाचा हॉर्न वाजला. तिने तिथेच थोडा वेळ धरून ठेवलं. कवडसे नव्हते, डोंगराची कड दिसत नव्हती, तरी सगळी माणसं उभी होती, काल उभी होती तशीच.

मग तिने अंगठा हळूहळू वर सरकवला. दिवे आले. आधी चाहूल, मग चेहरे. तुळसाबाईंचे अडलेले हात पुढे गेले आणि जुळले. खात्यातले सगळे हात जुळले.

संचिताने भीत भीत शेठकडे पाहिलं. पाठीमागे बांधलेले त्यांचे हात पुढे आले होते आणि छातीशी एकमेकांना भेटले होते. केव्हा आले ते त्यांनाही कळलं नसावं, कारण ते आपल्या हातांकडेच बघत होते, आपले असून कुणीतरी आणून ठेवल्यासारखे. उजेड पुरता चढला तरी त्यांनी ते सोडले नाहीत.

"हे रोज होतं?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी खाली होता.

"ऊन असलं की," ती म्हणाली. "डोंगराआड सूर्य गेला की आपोआप. ढग असले की नाही होत. तेवढ्यासाठी एक साधं बटण लावते, तुळसाबाईंच्या टेबलाजवळ. होतं तिथेच."

शेठनी छताकडे पाहिलं. मग ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बाकीच्या खात्यांना पश्चिमेला खिडक्या नाहीत. तिथे सगळीकडेच बटण लागेल. लिहून घ्या."

आणि ते जिन्याकडे गेले. ते दिसेनासे होईपर्यंत संचिताला कळलंच नाही की ते कशाला हो म्हणून गेले. कळलं तेव्हा तिने ट्रॉलीचा दांडा घट्ट धरला.

चाकं पुन्हा फिरायला लागली होती. तिने आजूबाजूला पाहिलं आणि तिच्या ध्यानात आलं, सगळ्या खात्यात हात न जोडलेली ती एकटीच होती. तिच्या हातात फोन होता. तिने फोन पर्समध्ये टाकला, त्या टोपीशेजारी. मग झाकणांच्या ट्रॉलीसमोर, चालू मशिनींच्या आवाजात, तिने दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा तुळसाबाई तिच्याकडे बघत होत्या.

"उशीर झाला तरी चालतो गो," त्या म्हणाल्या, आणि ट्रॉली जागेवर न्यायला तिला दुसऱ्या बाजूने हात लावायला सांगितलं.